किल्ल्यांपासून तलावापर्यंत: घानामधली गुलामगिरीची वाट

अटलांटिक गुलामव्यापाराचा इतिहास जागेवर जाऊन बघायचा, तर पश्चिम आफ्रिकेत तीन ठिकाणांची नावं हमखास पुढे येतात: सेनेगलमधलं गोरे बेट, बेनिनमधलं विदा आणि घानाचा किनारा. घाना निवडण्याचं कारण म्हणजे इथे गुलामांची वाट दोन्ही टोकांनी बघता येते. बहुतेक पर्यटक अक्राहून केप कोस्टला येतात, दोन किल्ले बघतात आणि परत फिरतात. पण माणसं आणली कुठून, कशाच्या बदल्यात, कोणत्या हिशोबावर, आणि त्याच देशात आज माणसं कुठे नेली जातात, हे समजून घ्यायचं तर किनारा सोडून उत्तरेला व्होल्टा तलाव आणि त्यापलीकडच्या, एकेकाळी गुलामांचा मोठा बाजार असलेल्या सलागापर्यंत गेलं पाहिजे. खालचा प्रवास त्या क्रमाने लिहिला आहे.

तयारीचं आधी. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. लसीच्या कार्डाशिवाय घानात प्रवेश मिळत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. एक कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच आणि आधी नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. हे प्रवासाच्या निदान महिनाभर आधी उरकावं. कार्ड आता आयुष्यभर चालतं. भारतात परतताना ते हाताशी नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टलाच लावून ठेवा. मलेरिया किनाऱ्यावरही आहे आणि तलावावरही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू कराव्या लागतात. मुंबईहून थेट विमान नाही; आदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जावं लागतं. मे-जूनमध्ये किनाऱ्यावर जोराचा पाऊस असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडे असतात, पण सहारातून हर्मॅटन वारा धूळ घेऊन येतो आणि उत्तरेत त्याचा त्रास जास्त होतो.

पहिला दिवस: अक्रा

जुन्या अक्रात चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात तीन देशांचे तीन किल्ले आहेत: इंग्रजांचा जेम्स फोर्ट, डचांनी बांधलेला अशर फोर्ट आणि ओसूमधला डॅनिशांचा क्रिश्चन्सबोर्ग. पहिल्या दोन्हींचे पुढे तुरुंग झाले. १९५१ ची निवडणूक जिंकली तेव्हा पुढे स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा जेम्स फोर्टमध्येच कैदेत होते. क्रिश्चन्सबोर्ग नंतर बराच काळ सरकारचं मुख्यालय होतं. तिथे आत सोडतील की नाही, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

क्रिश्चन्सबोर्गपाशी थोडं थांबण्याचं एक कारण आहे. गुलामव्यापारावर कायद्याने बंदी घालणारा पहिला युरोपीय देश म्हणून डेन्मार्कचं नाव घेतात. कायदा १७९२ चा, अंमल मात्र १८०३ पासून. मधल्या दहा वर्षांत सरकारनेच कॅरिबियनमधल्या मळेवाल्यांना गुलाम खरेदीसाठी कर्जं दिली, म्हणजे बंदी येईपर्यंत त्यांच्याकडे पुरेशी माणसं साठलेली असतील. या सगळ्या प्रवासात पदोपदी भेटणारी गोष्ट म्हणजे कर्ज, आणि ती इथूनच सुरू होते.

याच अक्राच्या समुद्रातून ऑगस्ट १७८१ मध्ये 'झाँग' हे जहाज ४४२ माणसं भरून निघालं. त्या आकाराच्या जहाजाला हा भार फार जास्त होता. कप्तान कॉलिंगवुड मुळात जहाजावरचा डॉक्टर. त्याने याआधी कधी जहाज चालवलेलं नव्हतं. जमैकाजवळ पोहोचल्यावर दिशा चुकली, पाणी कमी पडेल असं कारण पुढे केलं गेलं, आणि काही दिवसांत सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकण्यात आली. लिव्हरपूलच्या मालकांनी विमा कंपनीकडे माणशी ३० पौंडांची मागणी केली. पहिल्या ज्युरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला. १७८३ मध्ये फेरसुनावणी मंजूर झाली, तीही विम्याच्या पैशांपुरती. खुनाचा खटला कोणावरच चालला नाही.

दुसरा दिवस: अक्रा ते केप कोस्ट

अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, पण अर्धा दिवस धरून चाला. कासोआचा चौक ओलांडतानाच तास-दीड तास जाऊ शकतो. सकाळी सहाच्या आत अक्रा सोडलं तर हा त्रास टळतो. कानेशी बाजारातून केप कोस्टच्या एसी व्हॅन सुटतात आणि ट्रोट्रोही. ट्रोट्रो म्हणजे आपल्याकडची वडाप: भरल्याशिवाय हलत नाही आणि हात दाखवाल तिथे थांबते. वाटेत तीन ठिकाणी थांबायचं असेल तर चालकासह गाडी ठरवा.

पहिला थांबा विनेबा. मासेमारांचं गाव. जेम्स कोफी आनन यांना वयाच्या सहाव्या वर्षी व्होल्टा तलावावरच्या मासेमाराकडे धाडण्यात आलं होतं. सात वर्षांनी ते सुटले, शिकले, बँकेत अधिकारी झाले आणि मग त्यांनी इथे 'चॅलेंजिंग हाइट्स' ही संस्था काढली. तलावावरून सोडवून आणलेल्या मुलांसाठी ती काम करते. संस्थेचं वसतिगृह बघायला जाऊ नये. ती मुलं बघण्याची वस्तू नाहीत, आणि त्यांचा ठावठिकाणा गुप्त राहणं त्यांच्या सुरक्षेसाठी गरजेचं असतं. किनाऱ्यावर मात्र जरूर चाला. ओढून ठेवलेल्या होड्या बघा आणि मासळी किती कमी येते ते विचारा. मोठ्या ट्रॉलर जहाजांनी समुद्र उपसल्यापासून इथली लहान होडी रिकामी परत येते. तलावावर मुलं का जातात, याचं निम्मं उत्तर या किनाऱ्यावरच मिळतं.

पुढे आबान्झेला टेकडीवर फोर्ट ॲमस्टरडॅम आहे. इंग्रजांचं या किनाऱ्यावरचं पहिलं मोठं ठाणं हेच, तेव्हाचं नाव कोरमंटीन. १६५० च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षं ते ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं. होय, आपल्याकडे सुरतेला वखार असलेली तीच कंपनी. तिची जहाजं इथे थांबून सोनं आणि हस्तिदंत घेत आणि त्याच सोन्याने भारतात माल विकत घेत. उलट दिशेने भारतीय सुती कापड लंडनमार्गे या किनाऱ्यावर येई. अठराव्या शतकात आफ्रिकेकडे जाणाऱ्या इंग्रजी जहाजांवरच्या मालात कापडाचा वाटा सर्वांत मोठा होता आणि त्यात आपल्याकडच्या कापडाला भारी मागणी होती. इथून नेलेल्या माणसांना जमैकात कोरोमांटी म्हणत. १७६० चा तिथला मोठा उठाव त्यांनीच केला.

मग अनोमाबू. किल्ला लहानसा, विटांचा, सुबक. अठराव्या शतकात इथून माणसं प्रचंड संख्येने गेली. व्यापार कसा चाले हे समजून घ्यायला ही जागा सर्वांत योग्य. कप्तान आपला माल, म्हणजे कापड, बंदुका, दारू, शिसं, पितळ, स्थानिक दलालाला उधारीवर देई. दलाल तो माल घेऊन आत जाई आणि माणसं घेऊन परत येई. उधारीला तारण काय? दलालाच्या घरची माणसं: भाचा, मुलगी, नोकर. ती जहाजावर किंवा किल्ल्यात ठेवली जात. दलाल ठरल्या मुदतीत आला नाही, तर तारणाची माणसं विकली जात. कर्ज फिटत नसेल तर कर्जदाराच्या गावातला कोणीही माणूस वाटेत उचलून नेण्याची रीत होती. युरोपीय लोक आत जाऊन स्वतः माणसं पकडत, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. त्यांनी उधारी दिली, बंदुका दिल्या, आणि पकडण्याचं काम कर्जाने करून घेतलं.

अनोमाबूचा मोठा दलाल जॉन कोरांटी याने मुलगा विल्यम आन्सा सेसाराकू याला शिक्षणासाठी एका इंग्रज कप्तानाच्या हवाली केलं होतं. कप्तानाने त्याला बार्बाडोसला नेऊन विकलं. बाप बलाढ्य होता, त्याच्यावाचून अनोमाबूचा व्यापार अडत होता, म्हणून इंग्रजांनी मुलाला शोधून सोडवलं आणि १७४९ मध्ये लंडनच्या दरबारी लोकांत राजपुत्र म्हणून मिरवलं. ज्यांचे बाप बलाढ्य नव्हते, त्यांना शोधायला कोणी गेलं नाही.

जेवणाचं इथेच सांगतो. शाकाहारी असाल तर 'रेड-रेड' मागा: पाम तेलातली चवळी आणि तळलेली पिकली केळी. रश्श्यात सुक्या मासळीची पूड आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. ती घालणं इथे मीठ घालण्याइतकं नेहमीचं आहे. बाकीच्यांनी इथल्या किनाऱ्यावरच्या फान्टी लोकांचं केन्के (आंबवलेल्या मक्याचे शिजवलेले गोळे), तळलेली मासळी आणि शिटो (मिरचीची चटणी) खावं.

तिसरा दिवस: केप कोस्टचा किल्ला

नऊला दार उघडतं. नऊलाच पोहोचा, कारण अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि कोठड्यांत एका वेळी चाळीस-पन्नास माणसं कोंबली की गाइडचं काही ऐकू येत नाही. पायात घट्ट, न घसरणारे बूट हवेत. दमा असणाऱ्यांनी औषध खिशात ठेवावं, कारण खाली हवा खेळत नाही. किल्ला आधी एकट्याने हिंडून मग गाइडबरोबर फिरणं जास्त उपयोगी पडतं.

वर चढलात की पांढऱ्याशुभ्र भिंती, तोफा आणि निळा समुद्र. तोफांची तोंडं समुद्राकडे आहेत. भीती होती ती दुसऱ्या युरोपीय देशांच्या जहाजांची. जमिनीच्या बाजूने स्थानिक सरदारांशी करार होते आणि जागेचं भाडं भरलं जात होतं. स्वीडिश लोकांनी १६५३ मध्ये इथे ठाणं घातलं, १६६० च्या दशकात ते इंग्रजांनी घेतलं आणि पुढे वाढवत नेलं.

पुरुषांच्या कोठड्यांत उतारावरच्या अंधाऱ्या बोळातून जावं लागतं. एकामागे एक पाच दालनं आहेत. उजेड येतो तो छताजवळच्या दोन-तीन झरोक्यांतून. गाइड दिवा मालवतो आणि मग डोळ्यांना काही दिसायला बराच वेळ लागतो. खाली वाका आणि जमीन बघा. जमीन काळपट, घट्ट, किंचित उंचसखल आहे. तिला हात लावला तर ती दगडासारखी लागते, पण दगड नाही. एका बाजूला थर खरवडून काढलेला पट्टा दाखवतात; त्याच्या तळाशी विटा आहेत आणि मधून घाण वाहून जाण्यासाठी खणलेली उथळ चर आहे. म्हणजे मूळ फरशी ती. वरचा थर विष्ठा, रक्त, ओकारी आणि अन्नाचा, पायांखाली तुडवून घट्ट झालेला. चर तुंबली की सगळं तिथेच साचे, आणि जहाज येईपर्यंत माणसं आठवडेच्या आठवडे त्यात बसून, झोपून काढत. एका वेळी हजाराच्या आसपास पुरुष इथे असत असं गाइड सांगतात. बोळाच्या टोकाला बुजवलेल्या भुयारापाशी आता नाना ताबीर या स्थानिक देवतेचं स्थान आहे. तिथे पुजारी असेल तर फोटो काढण्याआधी विचारावं.

या कोठड्यांच्या बरोबर वर चर्चची खोली होती. अंगणात फिलिप क्वाकू यांची कबर आहे. ते केप कोस्टचेच फान्टी. इंग्लंडला जाऊन पाद्री झाले आणि १७६६ पासून १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच किल्ल्यात धर्मोपदेशक होते. त्यांनी इथे शाळा चालवली. पन्नास वर्षं ते रोज याच दगडांवरून चालले, आणि त्यातली चाळीसहून अधिक वर्षं त्यांच्या पायाखाली आपलीच माणसं कोंडलेली होती. या कबरीपुढून गाइड भराभर जातात. त्यांना थांबवून विचारा.

ओटोबा कुगुआनो हा साधारण १३ वर्षांचा मुलगा १७७० च्या सुमारास याच किल्ल्यात कोंडला गेला होता. पुढे ग्रेनाडाच्या ऊसमळ्यावर आणि नंतर इंग्लंडमध्ये तो पोहोचला. १७८७ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने गुलामगिरी बंद करण्याची मागणी छापली. त्याने लिहून ठेवलंय की ज्याने त्याला इथवर आणलं, त्याला मोबदल्यात एक बंदूक, कापडाचा एक तुकडा आणि थोडं शिसं मिळताना त्याने पाहिलं. आपली किंमत डोळ्यांदेखत चुकती होताना पाहिलेल्या माणसाची ही साक्ष आहे. किल्ल्यातल्या संग्रहालयात बेड्या आणि साखळ्या मांडलेल्या आहेत. त्यांच्याइतकंच लक्ष व्यापाराच्या मालाकडे द्यावं, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

शेवटी 'न परतण्याचं दार', ज्यातून माणसांना जहाजांकडे नेत. बाहेर पडलं की थेट कोळीवाडा: होड्या, जाळी, पोरं, आरडाओरडा. लाटा इथे जोरात फुटतात, म्हणून जहाजं दूर नांगरलेली असत आणि भाड्याचे नाविक होड्यांतून माणसांना तिथवर नेत. एकूण अटलांटिक व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे उतरली. मधला फरक समुद्रात गेला. गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून, गेलेली माणसं सुमारे १२ लाख. त्याच दाराच्या बाहेरच्या अंगाला 'परतीचं दार' अशी पाटी आहे. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून गुलामांच्या दोन वंशजांचे अवशेष या दारातून आत आणले गेले.

ब्रिटनने १८०७ मध्ये व्यापार बंद केला. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. त्यासाठी सरकारने काढलेल्या कर्जाचे शेवटचे पैसे ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडले. ज्यांना राबवलं त्यांना एक पेनीही मिळाली नाही.

चौथा दिवस: एल्मिना

केप कोस्टहून अर्ध्या तासावर. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधलेला हा किल्ला, म्हणजे गोवा घेण्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीचा. मोहिमेचा प्रमुख दियोगो द आझांबुजा घडवलेले दगड पोर्तुगालहून जहाजांवर लादूनच आला होता. सुरुवातीला इथे आकर्षण होतं सोन्याचं, आणि सोनं विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ओझी वाहायला माणसं हवी होती. म्हणून पोर्तुगीज बेनिनच्या बाजूने गुलाम आणून इथे विकत. गुलामांची पहिली जहाजं या बंदरात आली ती माणसं उतरवायला. हे गाइडच्या सांगण्यात सहसा नसतं.

१६३७ मध्ये डचांनी समोरच्या सेंट जागो टेकडीवर तोफा चढवून हा किल्ला घेतला. त्याच काळात डच आरमार गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत होतं. एकाच लढाईच्या या दोन आघाड्या होत्या. दुपारी त्या टेकडीवर चढा. किल्ला तिथून पूर्ण दिसतो आणि खालचं बेन्या खाडीतलं मासळी बंदरही.

आतमध्ये बायकांच्या कोठड्यांचं अंगण आहे. जमिनीत रोवलेला लोखंडी गोळा अजून तिथे आहे. नकार देणाऱ्या बाईला त्याला जखडत. वर गव्हर्नरचा सज्जा. तो तिथून निवड करी, आणि निवडलेल्या बाईला जिन्याने थेट वर नेत. त्याच मजल्यावरच्या डच प्रार्थनागृहाच्या दारावर बायबलमधल्या १३२ व्या स्तोत्राची ओळ कोरलेली आहे: हे परमेश्वराचं विश्रांतीचं ठिकाण, इथेच तो सदैव वास करेल. समुद्राकडची शेवटची फट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस आडवा होऊन निघेल.

गावात जावा हिल नावाची टेकडी आहे. १८३१ ते १८७२ मध्ये डचांनी इथून सुमारे ३,००० माणसं जावा-सुमात्राला सैनिक म्हणून नेली. निवृत्त होऊन परतलेले इथे राहिले. त्यांतले अनेक आतल्या भागातल्या कुमासी शहरात विकत घेतलेले गुलाम होते. गुलामव्यापार तर बंद, मग डचांनी त्यांना मुक्तीचा कागद दिला, मुक्तीची किंमत आगाऊ भरली आणि ती पगारातून कापून घेतली. ब्रिटिशांनीही १८३४ नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारावर भारतीय मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. करार आणि गुलामी एक नव्हे, हे खरं. पण मजुराला आधी पैसे देऊन बांधून घ्यायचं, ही युक्ती तशीच पुढे चालू राहिली.

पाचवा आणि सहावा दिवस: आसिन मान्सो, कुमासी

केप कोस्टहून कुमासीच्या रस्त्यावर सुमारे चाळीस किलोमीटरवर आसिन मान्सो. उत्तरेकडून पायी चालवत आणलेल्या माणसांना किनाऱ्यावर विकण्याआधी इथल्या ओढ्यात शेवटचं न्हाऊ घालत. जखमा धुवायच्या, अंगाला तेल लावायचं, खायला घालायचं. भाव चांगला यावा म्हणून. १९९८ मध्ये आणलेले ते दोन अवशेष इथेच पुरले आहेत. ओढ्यात अनवाणी उतरण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात वाट निसरडी होते.

कुमासीला मान्हिया राजवाड्याचं संग्रहालय बघा. कुमासी राजधानी असलेल्या असान्ती साम्राज्याची समृद्धी आणि राजकारण कळल्याशिवाय उत्तरेकडच्या मोहिमा आणि खंडणीत येणारी माणसं यांचा उलगडा होत नाही. इथल्या गाइडना या विषयावर बोलतं करायला वेळ लागतो, आणि ते समजण्यासारखं आहे: किनाऱ्यावर पोहोचलेल्या अनेकांना असान्ती फौजांनीच पकडलेलं होतं. याच असान्तींचा राजा प्रेम्पे पहिला याला ब्रिटिशांनी १८९६ मध्ये पकडून आधी एल्मिनाच्या किल्ल्यात ठेवलं आणि पुढे सेशेल्सला हद्दपार केलं.

सातवा दिवस: येजी

कुमासीहून एजुरा, आतेबूबू करत येजीला पाच-सहा तास लागतात. पेट्रोल आतेबूबूलाच भरा. येजीत राहण्याची सोय साधी, वीज जाते-येते. पिण्याचं पाणी बंद पिशव्यांतलंच घ्या. तलावात पाय घालू नका, बिलहार्झियाचे जंतू असतात.

अकोसोंबो धरणामुळे १९६० च्या दशकाच्या मध्यात व्होल्टा तलाव भरू लागला. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर. पाणी येण्याआधी जंगल तोडलं नव्हतं, त्यामुळे झाडं पाण्याखाली तशीच उभी राहिली. वाळलेले शेंडे अजून जागोजाग वर दिसतात. आजच्या गुलामगिरीचं कारण या झाडांपर्यंत जातं. संध्याकाळी टाकलेलं जाळं पहाटे ओढायला गेलं की ते फांद्यांत अडकतं. ओढलं तर फाटतं, आणि जाळं ही मासेमाराची सर्वांत महागडी वस्तू. मग कोणीतरी खाली जाऊन ते फांदीवरून सोडवायचं. पाणी गढूळ, खाली काही दिसत नाही, सगळं हाताने चाचपून. लहान मुलाची बोटं बारीक गाठी सोडवतात आणि त्याच्या वजनाने होडी कलत नाही. पाय दुसऱ्या जाळ्यात गुरफटला की मूल वर येत नाही. बाकीचं काम म्हणजे होडीतलं पाणी उपसणं, वल्ही मारणं, मासे निवडणं. प्रौढ गडी ठेवला तर त्याला मासळीत वाटा द्यावा लागतो. मुलाला जेवणावर ठेवता येतं. मासळी कमी होत गेली, जाळ्यांची भोकं बारीक होत गेली, तशी बिनवाट्याच्या हातांची गरज वाढली.

मुलं येतात विनेबासारख्या किनाऱ्यावरच्या गावांतून. दलाल बहुधा ओळखीचा किंवा नात्यातला असतो. आईच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो, शाळेत घालू म्हणतो, दोन-तीन वर्षांनी उरलेले पैसे देऊ म्हणतो. अठराव्या शतकात माणसं उत्तरेकडून किनाऱ्यावर नेली जात, आता मुलं किनाऱ्यावरून उत्तरेला नेली जातात.

मराठी वाचकाला ही रक्कम ओळखू येईल. बीडच्या ऊसतोड जोडप्याला मुकादमाकडून मिळणारी उचल अशीच असते: हंगामाआधी हातात पडते आणि फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांचंही तेच. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि एका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघड झालं. वेठबिगारी बंद करणारा आपला कायदा १९७६ चा आहे. बंदूक, कापड आणि शिसं. पैसे आणि मेंढी. मध्ये अडीचशे वर्षं आहेत.

तरी तलावावर दिसणारं प्रत्येक मूल विकत आणलेलं नसतं. अनेक मुलं आपल्याच आईबापांबरोबर काम करतात, काही नातेवाइकाकडे धंदा शिकायला आलेली असतात. हा फरक न करता टाकलेल्या धाडींत घरातली मुलंही उचलली गेली, अशी टीका काही संशोधकांनी केली आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. त्यामुळे नुसत्या होडीत मूल दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका. विचारण्याचे प्रश्न वेगळे आहेत: मूल शाळेत जातं का, आईबाप कुठे आहेत, त्याला हवं तेव्हा घरी जाता येतं का. आणि हे प्रश्न पाहुण्याने मुलाला विचारायचे नसतात. फोटो काढू नका, मुलाच्या हातात पैसे देऊ नका, स्वतः सोडवायला जाऊ नका. मालकाला सुगावा लागला की मुलं रातोरात दुसऱ्या बेटावर हलवली जातात. संशय असेल तर येजीतलं समाजकल्याण खातं किंवा पोलिसांचा मानवी तस्करीविरोधी विभाग गाठा.

आठवा दिवस: तलाव ओलांडून सलागा

येजीहून पलीकडे माकोंगोला फेरीबोट जाते. वेळापत्रकावर विसंबू नका, बोट बिघडलेली असू शकते. मग उरतात लाकडी मोटरबोटी. लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय बसू नका, माल आणि माणसं खच्चून भरलेली बोट सोडून द्या, आणि दुपारनंतर किंवा वादळी हवेत निघू नका. पाण्याखालच्या खोडावर आपटून बोटी उलटल्या आहेत.

सलागा आज शांत गाव आहे. जुन्या बाजाराच्या जागी पाटी आणि झाड, आणि गावात गुलामांना धुण्यासाठीच्या पाण्याच्या विहिरी. बघायला तासभर पुरतो, समजायला जास्त लागतो. उत्तरेकडच्या हौसा आणि मोसी व्यापाऱ्यांचे तांडे गुरं, मीठ आणि माणसं घेऊन इथे येत आणि असान्ती जंगलातला, तरतरीसाठी चघळला जाणारा कोला नट घेऊन जात. या बाजाराची भरभराट मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे ब्रिटिशांनी समुद्रावरचा व्यापार बंद केल्यानंतरची. जहाजं थांबली तरी पकडणं थांबलं नाही. माणसं आता देशातच शेतीला, ओझ्याला आणि घरकामाला विकली जाऊ लागली. १८७४ मध्ये ब्रिटिशांनी असान्तींचा पराभव केला, त्याच वर्षी गोल्ड कोस्ट वसाहतीत गुलामगिरी कायद्याने रद्द केली, आणि सलागाचा बराच व्यापार केटे क्राचीकडे वळला. केटे क्राची आज व्होल्टा तलावाच्या काठी आहे, आणि मुलांच्या तस्करीच्या बातम्यांत येजीच्या जोडीने येणारं नाव तेच.

मुक्काम तमालेला. सलागाहून रस्ता काही ठिकाणी खराब आहे, अंधार पडायच्या आत पोहोचावं.

नववा दिवस: तमाले ते अक्रा

तमालेहून विमानाने तासाभरात अक्रा. बसने गेलात तर बारा तासांहून जास्त. अक्रात वेळ उरला तर अमेरिकन कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं घर बघा. आयुष्याची शेवटची वर्षं ते इथे राहिले आणि १९६३ मध्ये इथेच वारले.

घानाचा मानवी तस्करीविरोधी कायदा २००५ चा आहे. खटले उभे राहायला अडचण येते ती साक्षीची: मूल लहान, आई स्वतःच पैसे घेतलेली, दलाल नात्यातला आणि मालक तलावातल्या कुठल्या तरी बेटावर. त्यामुळे पकडला जातो तो वाहतूक करणारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि सहयोगी संस्थांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात कोणत्याही एका दिवशी सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत असतात. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात.

सुट्टी कमी असेल तर काय गाळायचं, हा प्रश्न येतोच. अक्रामधले किल्ले आणि कुमासीचा मुक्काम गाळा. केप कोस्ट आणि एल्मिना एकाच दिवशी उरकू नका, दुसऱ्या किल्ल्यात डोकं बधिर होतं आणि काही आत शिरत नाही. अनोमाबूला तासभर ठेवाच. येजी गाळून सलागाला तमालेमार्गे जाता येतं, पण मग किनाऱ्यावर जे पाहिलं ते फक्त जुनं वाटतं. त्यापेक्षा सलागा सोडा आणि येजीला जा.